जिम कॉर्बेट यांच्या बंदुका

खंडेनवमीस आपल्यापैकी कित्येक घरांतून एखादी जुनी तलवार वा ठासणीची बंदूक माजघरातून बाहेर निघते. तिला हळदकुंकू व झेंडूचे फूल वाहिले जाते आणि ती कोणत्या पूर्वजास कोणाकडून मिळाली हे मुलांस सांगितले जाते. तिचा बार दोन पिढ्यांत उडालेला नसतो, बाजारात तिला मोलही येत नाही. तथापि कर्ता पुरुष निवर्तला की तिचा परवाना आपल्या नावे व्हावा म्हणून वारस कचेरीचे उंबरे झिजवितात. शस्त्रात माणसाचा जीव असा का गुंततो, हे समजून घेण्यास जिम कॉर्बेट यांचे चरित्र आम्हांस फार उपयोगी वाटते. नरभक्षकांचे शिकारी म्हणून त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. येथे मात्र त्यांच्या वाघांविषयी थोडे व बंदुकांविषयी अधिक लिहिण्याचा आमचा मानस आहे.

त्यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील ख्रिस्तोफर हे तेथील पोस्टमास्तर. कुटुंब मोठे, मिळकत बेताची. १८८१ साली वडिलांचे छत्र हरपले आणि मातोश्री मेरी जेन व वडीलबंधू टॉम यांनी संसार सावरला. हिवाळ्यात हे कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगी गावी राही. सभोवार जंगल आणि हाती गलोल, असे जिमचे बालपण गेले.

याच सुमारास स्टीफन डीज नावाचा त्यांचा एक आप्त, नात्याने भाऊच, कुमाऊँच्या पक्ष्यांवर ग्रंथ लिहीत होता. त्यास नमुन्यादाखल पक्षी आणून देण्याचे काम जिमने मनापासून केले. त्याचे बक्षीस म्हणून त्या आठ वर्षांच्या मुलास एक दुनळी ठासणीची बंदूक मिळाली. बंदूक कसली, तिचा सांगाडाच म्हणावयाचा! उजवी नळी फाटलेली, दस्ता मोडलेला आणि सर्व काही पितळेच्या तारेने गुंडाळून एकत्र धरलेले. डावी नळी तेवढी शाबूत. परंतु कॉर्बेट यांनी उतारवयात आपल्या जंगलविद्येचे पुस्तक लिहिले, तेव्हा या मोडक्या बंदुकीचे वर्णन ज्या मायेने केले आहे, ती माया पुढे मिळालेल्या उंची रायफलींच्याही वाट्यास क्वचितच आली असेल. दारू व छरे यांस पैसे पडत. म्हणून एकही बार वाया दवडावयाचा नाही, ही सवय त्या बंदुकीनेच लावली. पुष्कळ वर्षे मुलांत काढलेल्या आम्हांस असे वाटते की, मुलास नवी वस्तू दिली तर तो ती वापरतो. वडीलधाऱ्यांनी वापरलेली दिली तर तो ती सांभाळतो.

बंदूक दिली म्हणजे ती कशी धरावी हे शिकविणाराही लागतो. टॉमने धाकट्या भावास एकट्यानेच रानात बसवून भय गिळावयास शिकविले. चांदनी चौक गावचा मुखिया कुंवरसिंग हा ठाकूर जातीचा, चोरून शिकार करण्यात तरबेज. जिमच्या हाती बंदूक आलेली पाहून तो हर्षभरित झाला. आता हा मुलगा नव्हे, पुरुष झाला असे त्याने मानले. मात्र झाडावर चढणे आलेच पाहिजे, अशी अट घातली. रक्ताचा नसलेला हा माणूसही त्या वारशात सामील झाला, हे विसरता कामा नये.

पुढे रेल्वेची नोकरी लागली आणि मोकामेह घाटावर माल चढविण्या-उतरविण्याच्या ठेक्यात कॉर्बेट यांची वीसएक वर्षे गेली. १९०७ साली चंपावतच्या वाघिणीचा प्रसंग आला. तिने ४३६ माणसे मारली होती. हाकारा झाला, वाघीण जखमी झाली आणि नेमकी कॉर्बेट यांची काडतुसे संपली. जवळच चंपावतचे तहसीलदार होते. त्यांची जुनाट बंदूक घेऊन कॉर्बेट पुढे धावले. तिच्या नळ्या व मागील भाग यांत फट पडलेली होती. बार उलटला तर आपलाच घात होईल अशी तिची अवस्था. कॉर्बेट यांनी वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला आणि गोळी लागली पंजास. तेवढ्यानेच त्या मरणोन्मुख वाघिणीने मान टाकली.

काही महिन्यांनी नैनितालच्या दरबारात प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्या तहसीलदारांस एक बंदूक व शोधात सोबत आलेल्या गावकऱ्यास एक शिकारी सुरा बक्षीस दिला. ही शस्त्रे आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालतील, असे दोघांनीही सांगितले. कॉर्बेट यांसही हेवेट यांच्याकडून रिग्बी कंपनीची २७५ जातीची रायफल मिळाली. तिच्या दस्त्यावर त्या कामगिरीची नोंद करणारा चांदीचा पत्रा होता. १९२६ साली रुद्रप्रयागच्या बिबट्याचा शेवट याच रायफलीने झाला. १२५ बळी घेणारा तो प्राणी गुलाबराईच्या आंब्याच्या झाडावरून, रात्री, विजेरीच्या प्रकाशात टिपला गेला.

नंतर नंतर त्यांच्या हाती बंदुकीपेक्षा कॅमेरा अधिक दिसू लागला. १९३६ साली निर्माण झालेल्या राष्ट्रीय उद्यानामागे त्यांचा मोठा हात होता. १९५७ साली त्या उद्यानास त्यांचेच नाव देण्यात आले.

कॉर्बेट अविवाहित राहिले. बहीण मॅगी हेच त्यांचे घर. १९४७ च्या अखेरीस भावंडांनी भारत सोडून केनियास जाण्याचे ठरविले, तेव्हा बंदुका कोणाच्या हाती द्यावयाच्या, हा प्रश्न उभा राहिला असला पाहिजे. पुत्र नाही, पुतण्या जवळ नाही. काही शस्त्रे त्यांनी कालाढुंगीच्या जंगलात विधिपूर्वक पुरली, असे चरित्रकार सांगतात. विकून चार पैसे आले असते. पण परक्या हाती जाण्यापेक्षा मातीत गेलेली बरी, असा हा न्याय आम्हांस तरी कळतो. रिग्बी रायफल मात्र पुढे त्यांची पुस्तके छापणाऱ्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली, आणि २०१५ साली ती घडविणाऱ्या कंपनीनेच तिला परत घरी आणले.

एका बंदुकीची गोष्ट राहिली. छोटी हल्द्वानी हे गाव कॉर्बेट यांनी स्वतः वसविले होते. रानडुकरांपासून पिके वाचावीत म्हणून त्याभोवती भिंतही बांधली होती. गाव सोडताना जमिनी त्यांनी कुळांच्या स्वाधीन केल्या आणि सारा परदेशातूनही स्वतःच भरला. त्याच वेळी एकनळी बंदूक त्यांनी तेथील एका शेतकऱ्याच्या हाती दिली, ती पिकाची व गावाची राखण करण्यासाठी. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे कॉर्बेट वारले. त्या शेतकऱ्याच्या मुलानेही पुढे ती बंदूक जपली, आणि साहेबांचे घर पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांस तो ती बाहेर काढून दाखवीत असे.