बालकांचा कैवारी : डॉ. सिडने फार्बर

रोग्याच्या उशाशी बसतो, नाडी पाहतो, औषध लिहून देतो तो डॉक्टर, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आणखी एक डॉक्टर असतो. रोग्याचे नातेवाईक त्याला ओळखत नाहीत आणि बहुधा रोगीही त्याला कधी पाहत नाही. शरीरातून काढलेला मांसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगाचे नाव सांगणे आणि रोगी दगावल्यास शवविच्छेदन करून मृत्यूचे कारण शोधणे, हे त्याचे काम. त्याला विकृतिशास्त्रज्ञ म्हणतात. अमेरिकेतील बॉस्टन शहरी, मुलांच्या रुग्णालयात, असाच एक विकृतिशास्त्रज्ञ अठरा वर्षे मेलेल्या बालकांच्या देहांत रोगाचा माग काढीत होता. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो जिवंत बालकांकडे वळला. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाला औषधाने माघार घ्यायला लावता येते, हे त्याने जगाला दाखवून दिले. त्याचे नाव डॉ. सिडने फार्बर.

फार्बर यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो या गावी झाला. पोलंडमधून अमेरिकेत आलेले हे ज्यू कुटुंब. चौदा भावंडांत सिडने तिसरे. वडील विम्याचा व्यवसाय करीत. घरची सांपत्तिक स्थिती बेताची, पण अभ्यासाची शिस्त मोठी कडक. या घरातून पुढे केवळ डॉक्टरच निघाला असे नव्हे. सिडने यांचे बंधू मार्विन फार्बर हे तत्त्वज्ञानाचे नामांकित प्राध्यापक झाले. जर्मन तत्त्ववेत्ता हुसर्ल याच्याकडे ते शिकले होते आणि त्याचे विचार अमेरिकेत रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. स्वतः सिडने यांनी बफेलो विद्यापीठात जीवशास्त्राबरोबर तत्त्वज्ञानही अभ्यासले. शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी ते व्हायोलिन वाजवीत. १९२८ साली त्यांनी ज्यांच्याशी विवाह केला त्या नॉर्मा फार्बर पुढे कवयित्री आणि बालवाङ्मयाच्या लेखिका म्हणून प्रसिद्धीस आल्या. कला आणि विज्ञान यांच्यामध्ये आपण जी भिंत उभी करतो ती या घरात नव्हती, हे आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९२३ साली पदवी मिळाली, परंतु पुढची वाट सोपी नव्हती. त्या काळी अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालये ज्यू विद्यार्थ्यांना मोजक्याच जागा देत. गुणवत्ता असूनही जात आडवी येण्याचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. स्वदेशात दार बंद म्हणून फार्बर जर्मनीला गेले. हायडेलबर्ग आणि फ्रायबुर्ग येथे त्यांनी वैद्यकाचे पहिले धडे घेतले आणि तेथील यशाच्या बळावर हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळविला. १९२७ मध्ये ते डॉक्टर झाले आणि १९२९ मध्ये बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयाचे पहिले पूर्णवेळ विकृतिशास्त्रज्ञ म्हणून नेमले गेले. कडक इस्त्रीचा पोशाख, मोजके बोलणे, कामात कमालीचा काटेकोरपणा, असा हा माणूस. मुलांच्या विकृतिशास्त्रात त्यांनी नाव मिळविले. एका दुर्मिळ आनुवंशिक रोगाला आज त्यांचे नाव आहे. येथेच ते थांबले असते तरी एक विद्वान प्राध्यापक म्हणून त्यांची गणना झालीच असती.

पण शवविच्छेदनाच्या मेजावर एका रोगाची बालके पुन्हा पुन्हा येत होती. तो रोग म्हणजे ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीत, जेथे रक्त तयार होते तेथे अपरिपक्व पांढऱ्या पेशींचे अमाप पीक येते आणि चांगल्या रक्ताला जागाच उरत नाही. मूल फिकट पडते, अंगावर काळेनिळे डाग उठतात, ताप हटत नाही. त्या काळी कर्करोगाविरुद्ध मुख्य शस्त्रे दोनच होती, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. रक्तात कापून काढायला गाठ कुठली? म्हणून तीव्र ल्युकेमियाचे निदान म्हणजे मृत्युपत्रच. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, मूल जाई. डॉक्टर रक्त चढवीत आणि आईबापांची समजूत घालीत. याहून अधिक करण्यासारखे काही नाही अशीच सर्वांची धारणा होती.

या अंधारात जो किरण शिरला त्याचा उगम आपल्या मुंबईत सापडतो. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांना एक विशिष्ट प्रकारचा पंडुरोग होत असे, त्याचा त्या अभ्यास करीत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत प्रयोग करून त्यांनी १९३१ मध्ये दाखविले, की यीस्टच्या अर्काने हा पंडुरोग बरा होतो. अर्कातील ते गुणकारी द्रव्य पुढे पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. नवे रक्त बनायला हे द्रव्य लागते. आज गर्भवती स्त्रियांना लोहाबरोबर ज्या गोळ्या दिल्या जातात त्यांत हेच असते.

फार्बर यांनी विचार केला, की रक्त सुधारणारे हे द्रव्य रक्ताच्या कर्करोगातही उपयोगी पडेल. त्यांनी फॉलिक आम्लाशी संबंधित द्रव्ये रोगी बालकांना दिली. परिणाम भलताच झाला. रोग मंदावण्याऐवजी वेगाने फोफावला. दुसरा कोणी असता तर हा प्रयोग विसरण्याच्या खटपटीला लागला असता. फार्बर यांनी मात्र अस्थिमज्जेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्या अपयशाचा अर्थ लावला. फॉलिक आम्लाने रोगाची भूक भागत असेल, तर त्याचा पुरवठा तोडला म्हणजे रोग उपाशी मरेल. फॉलिक आम्लासारखेच दिसणारे, पेशीला फसविणारे, पण पोषण न करणारे द्रव्य त्यांना हवे होते.

ते द्रव्य देणारा माणूस भारतीय होता. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली आंध्रातील भीमवरम् येथे झाला. भावाला संग्रहणीने मरताना त्यांनी पाहिले होते. मद्रासला वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९२३ मध्ये ते बॉस्टनला गेले. पेशीतील ऊर्जेच्या रसायनांवर त्यांनी पायाभूत संशोधन केले, तरीही हार्वर्डने त्यांना कायम प्राध्यापकपद दिले नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले. तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार झाले आणि त्याच धाग्याने त्याची विरोधी द्रव्येही. त्यांतले एक होते ॲमिनोप्टेरिन. फार्बर यांच्या यशाची कथा सुब्बारावांना वगळून सांगताच येत नाही. दुर्दैवाने ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले. आपल्या देशातही त्यांचे नाव अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

डिसेंबर १९४७ च्या अखेरीस दोन वर्षांच्या एका मुलाला ॲमिनोप्टेरिन टोचण्यास सुरुवात झाली. त्याचे जुळे भावंड निरोगी होते, हा मात्र अंथरुणाला खिळलेला. थोड्याच दिवसांत पांढऱ्या पेशींची चढती संख्या थांबली आणि उतरू लागली. फुगलेले पोट ओसरले, भूक परतली, मूल पुन्हा पायांवर उभे राहिले. असे पूर्वी कोणी पाहिले नव्हते. पण काही महिन्यांनी रोग उलटला आणि १९४८ सालीच ते बालक गेले.

३ जून १९४८ रोजी फार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सोळा मुलांना औषध दिले होते, त्यांपैकी दहांना उतार पडला. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी हा उतार तात्पुरता असल्याचे नमूद केले. मला वाटते, फार्बर यांच्या थोरवीची खरी खूण या एका विशेषणात आहे. हाती आलेले यश फुगवून सांगण्याचा मोह त्यांनी टाळला. आणि यश तात्पुरते आहे म्हणून ते टाकाऊही मानले नाही.

हे दुसरे अधिक कठीण होते. कारण विरोध केवळ अविश्वासातून येत नव्हता, तो करुणेतूनही येत होता. मूल मरणारच असेल तर त्याला सुखाने मरू द्यावे, जहाल औषधे टोचून, तोंडात व्रण उठवून त्याचे अखेरचे दिवस कष्टाचे का करावेत, असे रुग्णालयातील अनेक डॉक्टरांना वाटे. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. त्या पहिल्या मुलांना जे मिळाले ते काही महिनेच. परंतु काहीच न करण्यालाही किंमत असते आणि ती पुढच्या प्रत्येक मुलाला मोजावी लागते, हे शवविच्छेदनाच्या मेजापाशी उभे राहून फार्बर यांना जितके कळले होते तितके इतरांना कळलेले नसावे.

संशोधनाला पैसा लागतो. फार्बर यांनी १९४७ मध्ये मुलांच्या कर्करोग संशोधनासाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले होते. नाटक-सिनेमा व्यवसायातील मंडळींचा व्हरायटी क्लब मदतीला आला. २२ मे १९४८ रोजी एका लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमात मेन राज्यातील एका बारा वर्षांच्या आजारी शेतकरीपुत्राला देशाने ऐकले. त्याचे खरे नाव गुप्त ठेवून त्याला जिमी म्हटले होते. बॉस्टनच्या बेसबॉल संघातील त्याचे आवडते खेळाडू त्याच्या खाटेभोवती येऊन उभे राहिले. आपल्या संघाचे सामने पाहायला त्याला दूरचित्रवाणी संच हवा होता. श्रोत्यांनी २,३१,००० हून अधिक डॉलर पाठविले. त्यातून जिमी निधी उभा राहिला आणि १९५२ मध्ये त्याच नावाची इमारत. या जिमीची पुढची हकिगतही सांगितली पाहिजे. तो मेला असावा असेच सारे धरून चालले होते. पण तो बरा झाला होता. १९९८ मध्ये, साठी ओलांडलेला हा गृहस्थ लोकांसमोर प्रकट झाला, तेव्हा फार्बर यांना जाऊन पंचवीस वर्षे झाली होती.

त्या इमारतीत फार्बर यांनी जी पद्धत घातली तिचे महत्त्व औषधाइतकेच आहे. मुलाला रोग होतो तेव्हा साऱ्या घराला रोग होतो, ही त्यांची भूमिका होती. म्हणून डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि कुटुंबाच्या अडचणी पाहणारे समाजसेवक हे सर्व एका छपराखाली आणि एका विचाराने काम करीत. मुलांसाठी खेळणी होती, भिंतींवर चित्रे होती. पैसे नाहीत म्हणून कोणाला परत जावे लागत नसे. दरम्यान संशोधन चालूच होते. मुलांच्या मूत्रपिंडात होणारी विल्म्सची गाठ फुप्फुसात पसरली की आशा संपे. १९५० नंतरच्या दशकात फार्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲक्टिनोमायसिन-डी हे औषध आणि किरणोपचार यांची जोड देऊन तिलाही हटविले.

उत्तरायुष्यात हा अबोल शास्त्रज्ञ राजधानीत वजनदार ठरला. समाजकार्यकर्त्या मेरी लास्कर यांच्या साथीने त्यांनी कर्करोग संशोधनासाठी सरकारी पैसा वाढवून घेतला. १९६६ मध्ये त्यांना लास्कर पारितोषिक मिळाले. २३ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर सही केली, त्यामागे फार्बर यांची खटपट होती. येथे मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. रोगाचे मूळ पूर्ण उलगडेपर्यंत उपचारांनी थांबू नये, हा त्यांचा आग्रह होता. काही शास्त्रज्ञांना तो उतावळेपणा वाटला. त्या चळवळीने लोकांच्या मनात विजय जवळ आल्याची आशा निर्माण केली, ती इतक्या लवकर फळणारी नव्हती. १९४८ च्या निबंधातील तो सावध शब्द राजकारणाच्या गर्दीत थोडा हरवला, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

३० मार्च १९७३ रोजी डॉ. फार्बर यांचे हृदयविकाराने निधन झाले. त्यांची संस्था आज डाना-फार्बर कर्करोग संस्था म्हणून जगभर ओळखली जाते. ॲमिनोप्टेरिन मागे पडले, पण त्याचे भावंड मेथोट्रेक्सेट अजून वापरात आहे. १९६० नंतर अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत इतर संशोधकांनी सिद्ध केली, तात्पुरता उतार लांबत गेला आणि शेवटी पुष्कळांच्या बाबतीत कायमचा झाला. प्रगत देशांत आज मुलांच्या नेहमी आढळणाऱ्या तीव्र ल्युकेमियातून दहांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात.

आपल्याकडे हे प्रमाण अजून तेथवर पोचलेले नाही. औषध आहे, ते देणारे निष्णात डॉक्टरही आहेत. पण उपचार दोन-तीन वर्षे चालतात. गाव दूर, शहरात राहायला जागा नाही, बापाचा रोज बुडतो, घरी दुसरी लेकरे आहेत. अशा कारणांनी कित्येकांचे उपचार अर्ध्यावर सुटतात. अशा मुलांना नव्या औषधापेक्षा फार्बर यांच्या त्या दुसऱ्या कल्पनेची, साऱ्या घराला आधार देण्याची, गरज अधिक आहे. त्या कामाला वैद्यकाची पदवी लागत नाही. ते आपल्यापैकी कोणालाही करता येईल.