न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

हर्सूल येथील तुरुंगावरून शहरास जाणाऱ्या आमच्या बंधूंच्या मनात कधी तरी हा प्रश्न येत असेल की, रयतेपैकी कोणी खून केला तर कायदा त्यास आत घालतो. परंतु राज्यकर्त्यानेच तो केला तर त्यास कोणी विचारावे? राजकारणात पापपुण्य पाहू नये, असे म्हणणारे शहाणे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे चरित्र देतो.

रामशास्त्री साताऱ्याजवळील माहुलीचे. लहानपणी ते एका सावकाराच्या घरी चाकरीस होते, असे सांगतात. पुढे काशीस जाऊन त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन केले. थोरले माधवराव पेशवे यांच्या कारकिर्दीत ते पुण्यास मुख्य न्यायाधीश होते. पेशवे राज्यकारभार टाकून जपात वेळ घालवू लागले, तेव्हा शास्त्रीबोवांनी त्यांस बजावले की, जपच करावयाचा तर गादी सोडून गंगातीरी जावे. पेशव्यांनी ते मानले. शास्त्रीबोवांच्या घरी एका दिवसापुरताच शिधा असे म्हणतात. रोजची भाकर मागणाऱ्या आम्हांस हे वाचून संकोच वाटतो.

सन १७७२ मध्ये माधवराव वारले व त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव गादीवर आला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्या तरुणाचा वध केला आणि चुलता रघुनाथराव पेशवा झाला. दरबार गप्प बसला. शास्त्रीबोवांनी मात्र चौकशी केली व रघुनाथरावाचे अंग त्यात आहे असे ठरविले. त्याने प्रायश्चित्त विचारले, तेव्हा देहान्तावाचून दुसरे नाही, असे त्यांनी तोंडावर सांगितले आणि तो राज्य करीत असेतो चाकरी करणार नाही म्हणून पुणे सोडले. त्यांजवळ फौज नव्हती. अधिकार होता, तोही त्यांनी टाकला. नाथानाने दाविदास असेच दोषी ठरविले होते. दावीद रडला, रघुनाथरावाने गादी धरून ठेविली. शास्त्रीबोवांस आमचे शास्त्र ठाऊक नव्हते, तरी पौलाने रोमकरांस ज्या अंतःकरणात लिहिलेल्या नियमशास्त्राविषयी लिहिले, ते त्यांच्या ठायी होते.

पुढे बारभाईंनी रघुनाथरावास काढले. तेव्हा ख्रिस्ती म्हणविणाऱ्या मुंबईच्या इंग्रजांनी साष्टी व वसई यांच्या लोभाने सन १७७५ मध्ये सुरतेस त्याच्याशी तह केला. हे लिहिण्यास आम्हांस लाज वाटते, पण लपविणे बरे नव्हे.

रघुनाथराव सन १७८३ मध्ये गोदातीरी कोपरगावी मरण पावला. शास्त्रीबोवा बारभाईंच्या बोलावण्यावरून परत न्यायासनावर बसले होते. ते सन १७८९ मध्ये वारले.