कर्णधार विठ्ठल पालवणकर

चर्मकार समाजात जन्मलेल्या बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल या पालवणकर बंधूंनी एकेकाळी हिंदू संघाचे क्रिकेट गाजविले. थोरले बाळू मुंबईत रेल्वेच्या संघातूनही खेळत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने शंभराहून अधिक बळी घेतले. मात्र पुण्यात त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या पात्रात दिला जाई. हिंदू संघाचे कर्णधारपद तर त्यांना कधीच मिळाले नाही.

१९२० मध्ये नेतृत्वासाठी पालवणकरांना पुन्हा डावलले जाताच विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली. त्यानंतर बाळूंना उपकर्णधारपद देण्यात आले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. चौरंगी सामने बाद पद्धतीचे. एक पराभव झाला की स्पर्धा संपली. हरते तर अपयशाचे खापर जातीवर फुटले असते. अंतिम सामन्यात हिंदूंनी युरोपियनांना नमविले. ‘माझे क्रीडा-जीवन’ हे विठ्ठल यांचे आत्मचरित्र १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. थोरल्या भावाला नाकारलेला मान धाकट्याने मैदानावर मिळविला, हेच त्या विजयाचे मोल.