सभागृह उघडणारा दिवाण आणि वृत्तपत्रांचा कायदा

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यापासून पायी निघाल्यास थोड्याच वेळात रंगाचार्लू स्मारक सभागृह लागते. म्हैसूर संस्थानच्या प्रजाप्रतिनिधी सभेची अधिवेशने पुढे या वास्तूत भरू लागली. दिवाण रंगाचार्लू यांनी १८८१ मध्ये ही सभा सुरू केली तेव्हा तिचे १४४ सदस्य होते. आरंभी ते नेमलेले असत. १८९१ पासून मर्यादित मताधिकाराने निवडले जाऊ लागले. दसऱ्याच्या दिवसांत तालुक्यातालुक्यांतून शेतकरी व व्यापारी येत, दिवाणाचे वार्षिक निवेदन ऐकत आणि आपापल्या भागाची गाऱ्हाणी मांडत. सभेला कायदे करण्याचा अधिकार नव्हता. तरीही राज्यकर्त्याने वर्षातून एकदा प्रजेपुढे कारभाराचा वृत्तांत ठेवावा, ही प्रथा तिने पाडली.

या सभेच्या इतिहासात मला सर्वाधिक विचार करायला लावणारे चरित्र आहे ते व्ही. पी. माधवराव यांचे. बडोद्याचे दिवाण म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले सर टी. माधवराव वेगळे. दोघेही तंजावरकडील मराठी घराण्यांतले, इतकेच साम्य. व्ही. पी. माधवरावांचा जन्म १८५० मध्ये कुंभकोणमचा. शिक्षकी पेशातून ते म्हैसूरच्या प्रशासनात आले आणि १८९८ च्या प्लेगच्या साथीत प्लेग आयुक्ताची कठीण जबाबदारी त्यांनी पेलली. पुढे त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांच्याकडे आली.

त्रावणकोरमध्ये १९०४ साली श्रीमूलम प्रजासभा स्थापन झाली, ती त्यांच्या कारकिर्दीत. १९०६ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे विधिपरिषद अस्तित्वात आली. प्रजाप्रतिनिधी सभेतून दोन सदस्य या परिषदेवर निवडून पाठविण्याची तरतूद झाली. संख्या अल्प होती. पण केवळ गाऱ्हाणी मांडणाऱ्या सभेचे प्रतिनिधी कायदा घडविण्याच्या जागी बसले, हे पाऊल लहान नव्हते.

त्यानंतर वर्षभरातच, १९०८ मध्ये, याच दिवाणाच्या कारकिर्दीत वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आला. सरकारच्या परवानगीवाचून संस्थानात वृत्तपत्र काढता येईना. म्हैसूरचे ज्येष्ठ संपादक आणि शिक्षक एम. वेंकटकृष्णय्या यांनी निषेध म्हणून आपली पत्रे बंद केली. याच वर्षी मुंबईत लोकमान्य टिळकांना केसरीतील लेखांसाठी राजद्रोहाची शिक्षा होऊन मंडालेला पाठविण्यात आले. ब्रिटिश हिंदुस्थानात वाहणारा वारा संस्थानांपर्यंत पोहोचला होता.

प्रतिनिधींना सभागृहात घेणारा आणि संपादकांना परवान्याच्या कक्षेत आणणारा दिवाण एकच कसा? याला मी दुटप्पीपणा म्हणणार नाही. प्रशासनात आयुष्य घालविल्यामुळे त्यामागचा विचार मला ओळखीचा वाटतो. प्रजेने बोलावे, मात्र सरकारने नेमलेल्या दिवशी, आखून दिलेल्या जागी आणि ठरवून दिलेल्या रीतीने बोलावे, असा हा विचार आहे. सभेची विषयपत्रिका सरकारच्या हाती राहते, वृत्तपत्राची राहत नाही. ज्याला मत नाही, ज्याचा प्रतिनिधी वर्षातून एकदाच बोलतो, त्याची तक्रार वृत्तपत्र आठवड्याला मांडू शकते. सभागृहात दिलेले आश्वासन पाळले गेले की नाही, हेही तेच विचारते. वृत्तपत्र थांबले की प्रतिनिधीचे बोलणे चार भिंतींत राहते आणि मतदारासमोर त्याचा जाब उरत नाही. त्यात सरकारचेही नुकसान असते. कनिष्ठ अधिकारी वर पाठवितात तो अहवाल बहुधा दिलासा देणारा असतो. त्याची उलटतपासणी करणारा बाहेरचा साक्षीदार नाहीसा होतो.

माधवरावांच्या आयुष्याचा उत्तरार्ध या दृष्टीने फार बोलका आहे. बडोद्याची दिवाणगिरी १९१६ मध्ये संपल्यावर ते राष्ट्रीय चळवळीकडे वळले. १९१९ मध्ये काँग्रेसच्या शिष्टमंडळातून ते लंडनला गेले आणि हिंदुस्थानच्या घटनात्मक सुधारणांसंबंधी ब्रिटिश संसदेच्या संयुक्त समितीपुढे विठ्ठलभाई पटेल यांच्यासह त्यांनी काँग्रेसची बाजू मांडली. टिळकही त्या काळात लंडनमध्येच होते. अकरा वर्षांपूर्वी एक जण दिवाणाच्या आसनावर होता, दुसरा आरोपीच्या पिंजऱ्यात. आता दोघेही परक्या सरकारकडे एकाच जनतेचे हक्क मागत होते. १९३४ मध्ये माधवरावांचे निधन झाले.

आज महाराष्ट्रात लोकशाही दिन भरतो, मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावण्या होतात, नियमांचे मसुदे हरकतींसाठी प्रसिद्ध केले जातात. या व्यवस्था आवश्यक आहेत. परंतु त्या सर्व सरकारने उघडलेल्या, आणि म्हणूनच सरकारला मिटता येणाऱ्या खिडक्या आहेत. सुनावणीला किती लोक आले, एवढ्यावर तिचे यश मोजू नये. आलेल्या हरकती आणि त्यांवरील निर्णय लोकांपुढे आले का, आणि गैरसोयीची बातमी देणारा स्थानिक पत्रकार दुसऱ्या दिवशी त्याच कार्यालयात निर्धास्तपणे जाऊ शकतो का, हे दोन प्रश्न प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने स्वतःस विचारावेत. म्हैसूरच्या विधिपरिषदेने १९०७ साली पहिल्या प्रश्नाची वाट थोडी मोकळी केली होती. दुसरा प्रश्न १९०८ च्या कायद्याने बंद केला.