ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स

ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स (जन्म : बेलफास्ट, २३ ऑगस्ट १८४२, मृत्यू : वॉचेट, इंग्लंड, २१ फेब्रुवारी १९१२) हे ब्रिटिश अभियंता व भौतिकशास्त्रज्ञ होते. लहान प्रतिकृतीवर घेतलेली मापे मोठ्या नळाला वा पंपाला कधी लागू पडतात आणि कधी पडत नाहीत, हे ठरवण्याची एक महत्त्वाची कसोटी त्यांच्या संशोधनातून मिळाली.

जीवन

रेनॉल्ड्स यांचे वडील धर्मोपदेशक व शिक्षक होते. गणित आणि यंत्रे यांची गोडी ऑस्बॉर्न यांना त्यांच्याकडूनच लागली. महाविद्यालयात जाण्यापूर्वी त्यांनी एका अभियंत्याच्या कारखान्यात उमेदवारी केली. १८६७ मध्ये ते केंब्रिजच्या क्वीन्स महाविद्यालयातून गणिताचे पदवीधर झाले. १८६८ मध्ये मँचेस्टरच्या ओवेन्स महाविद्यालयात अभियांत्रिकीचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली व १९०५ पर्यंत ते तेथेच राहिले. भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. टॉमसन हे त्यांचे विद्यार्थी होत. १८७७ मध्ये रेनॉल्ड्स रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

पंप

१८७५ मध्ये त्यांनी टर्बाइन पंपाचे पेटंट घेतले. साध्या केंद्रोत्सारी पंपात फिरत्या चक्रातून वेगाने बाहेर पडणाऱ्या पाण्याची बरीच ऊर्जा भोवऱ्यांत वाया जाई. रेनॉल्ड्स यांनी चक्राभोवती स्थिर मार्गदर्शक पाती बसवून त्या वेगाचे दाबात रूपांतर केले. अशी अनेक चक्रे एकापुढे एक जोडून पाणी अधिक उंचीवर चढवण्याची योजनाही त्यात होती.

रेनॉल्ड्स अंक

१८८३ मध्ये त्यांनी काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असताना धार सरळ राही. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की ती विस्कटून पाण्यात मिसळे. हा बदल केवळ वेगावर अवलंबून नसून वेग, नळीचा व्यास व घनता यांच्या गुणाकाराला श्यानतेने भागून येणाऱ्या संख्येवर अवलंबून असतो, असे त्यांनी दाखवले. या संख्येला एकक नसते. १९०८ मध्ये आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी तिला रेनॉल्ड्स यांचे नाव दिले.

पंपांचे प्रमाण-नियम

परिमाणीय विश्लेषणातून मिळणाऱ्या नियमांनुसार एकाच पंपाची गती दुप्पट केल्यास प्रवाह दुप्पट, पाणी चढण्याची उंची चौपट आणि लागणारी शक्ती आठपट होते. गती तीच ठेवून सर्व मापे निम्मी केलेल्या प्रतिकृतीत प्रवाह एक अष्टमांश, उंची एक चतुर्थांश व शक्ती एक बत्तिसांश होते. त्यामुळे प्रचंड पंप बांधण्यापूर्वी लहान पंपावर चाचणी घेता येते. मात्र रेनॉल्ड्स अंक पुरेसा मोठा असून श्यानतेचा प्रभाव नगण्य असेल, तरच हे नियम विश्वसनीय ठरतात. दाट तेलासाठी पंप निवडताना केवळ पाण्यावरील चाचणीवर विसंबल्यास प्रवाह व उंची कमी मिळते आणि शक्ती अधिक लागते. प्रतिकृतीची कार्यक्षमताही मोठ्या पंपापेक्षा सहसा थोडी कमी असते, म्हणून हिशेबात दुरुस्ती करावी लागते.

इतर कार्य

मर्सी नदीच्या मुखाची प्रतिकृती करून त्यांनी भरती-ओहोटी व वाळूची हालचाल अभ्यासली. त्या प्रतिकृतीत भरतीचे एक चक्र सुमारे ४० सेकंदांत पूर्ण होई. १८८६ मध्ये त्यांनी वंगणक्रियेचा सिद्धांत मांडला. १८८८ मध्ये त्यांना रॉयल पदक मिळाले. १८८३ च्या प्रयोगाचे साहित्य मँचेस्टर विद्यापीठात जतन केलेले आहे.