आपल्या चुकांचा हिशेब ठेवणारा शल्यविशारद : सर जॉन चार्नली

‘घाटी’ म्हटले की परगावच्या माणसाला डोंगरातली वाट आठवेल. आपल्या छत्रपती संभाजीनगरात मात्र लहान मुलालाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आठवते. १९५६ साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयाच्या रुग्णालयात मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात. अस्थिरोग विभागाबाहेर घटकाभर उभे राहावे. मोटारसायकलवरून पडलेला तरुण, हात गळ्यात बांधलेले पोर, काठी टेकीत एकेक पाऊल मोजणारी आजी, असे किती तरी चेहरे दिसतात. त्यांच्या सोबत आलेल्यांच्या मनात एकच प्रश्न असतो : आमचा माणूस पूर्वीसारखा चालेल ना?

फार जुनी गोष्ट नाही. वय झालेल्या माणसाचा खुब्याचा सांधा झिजला की त्याने खाट धरायची आणि घरच्यांनी देवावर हवाला ठेवायचा, अशीच रीत होती. आज तो झिजलेला सांधा काढून कृत्रिम सांधा बसवता येतो, हे खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे. परंतु ही शस्त्रक्रिया भरवशाची करण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, त्या सर जॉन चार्नली यांचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानावर आले असेल. त्यांची बुद्धी मोठी होतीच. पण आपला अपयशाचा आकडा त्यांनी कधी लपविला नाही, म्हणून त्यांचे चरित्र आपल्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही वाचावे असे मला वाटते.

चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात बरी या गावी झाला. ज्या लँकेशायरच्या गिरण्यांचे कापड आपल्या देशात येऊन आपल्या विणकरांच्या पोटावर पाय आला, तोच हा मुलूख. वडील औषधांचे दुकान चालवीत. आई परिचारिका होती. औषधांचा वास आणि यंत्रांची घरघर या दोहोंच्या सान्निध्यात हा मुलगा वाढला. मँचेस्टर येथे वैद्यकीचे शिक्षण घेऊन १९३५ साली ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी शल्यविशारदांच्या राजमहाविद्यालयाची फेलोशिप त्यांनी मिळविली. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस होते.

इतक्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले. चार्नली सैन्याच्या वैद्यकीय पथकात दाखल झाले. डंकर्कच्या माघारीच्या वेळी ते तेथे होते. नंतर त्यांची नेमणूक इजिप्तमध्ये कैरो येथे झाली. तेथे मोडलेल्या हातापायांसाठी आधारपट्ट्या व उपकरणे बनविण्याच्या कामात ते रमले. त्यांच्या शल्यविशारदाच्या हातात लोहाराचे आणि सुताराचे कसबही होते, याची ओळख त्यांना स्वतःला बहुधा येथेच पटली असावी.

युद्ध संपल्यावर त्यांनी प्रथम मोडलेल्या हाडांकडे लक्ष दिले. १९५० साली प्रसिद्ध झालेला, नेहमी आढळणाऱ्या अस्थिभंगांवर चिरफाड न करता करावयाच्या उपचारांविषयीचा त्यांचा ग्रंथ जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी अभ्यासला. हाड मोडले तरी त्याच्या एका बाजूचे स्नायू व आवरण पुष्कळदा शाबूत राहते आणि दाराच्या बिजागरीसारखे काम देते. त्या बिजागरीचा उपयोग करून योग्य तीन ठिकाणी दाब दिला तर साध्या प्लास्टरमध्येही हाड सरळ जुळते, हे त्यांनी नीट उलगडून दाखविले. आपल्याकडील जाणत्या हाडवैद्याच्या बोटांना जे अनुभवाने उमगत आले होते, त्यातील एका भागाला त्यांनी शास्त्राची भाषा दिली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

हाड कसे जुळते हे जाणून घेण्याची त्यांची जिज्ञासा किती जबर होती, याचा एक किस्सा आहे. एका सहकाऱ्याकडून त्यांनी स्वतःच्याच नडगीच्या हाडावर कलमाचा प्रयोग करवून घेतला. जखमेत जंतुसंसर्ग झाला, हाड पिकले आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. रुग्णाला काय सोसावे लागते, याचा धडा त्यांनी असा स्वतःच्या पायावर गिरविला.

त्यानंतर त्यांचे लक्ष खुब्याच्या सांध्याकडे वळले. कृत्रिम सांधा बसविण्याचे प्रयत्न त्यांच्या आधीही झाले होते; पण परिणाम टिकत नसत. मांडीच्या हाडाचा गोल माथा बदलून तेथे प्लास्टिकचा माथा बसविलेला एक रुग्ण त्यांच्याकडे आला. तो हलला की सांधा करकरे, आणि ती करकर घरच्यांना असह्य होई. दुसरा डॉक्टर हसून सोडून देता. चार्नली विचारात पडले. करकर म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे आज ना उद्या सांधा खिळखिळा होणार. निसर्गाने दिलेला निरोगी सांधा तर बर्फावर बर्फ घसरावा इतका गुळगुळीत चालतो. तेव्हा कृत्रिम सांध्यातही घर्षण कमीत कमी हवे, हे सूत्र त्यांनी धरले.

या सूत्रातून तीन गोष्टी निघाल्या. मांडीच्या हाडात बसवायचा धातूचा माथा त्यांनी मुद्दाम लहान, सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा ठेवला. त्याच्यासाठी कमरेच्या हाडात घसरड्या प्लास्टिकची वाटी बसविली. आणि दंतवैद्य वापरतात त्या जातीच्या ॲक्रिलिक सिमेंटने दोन्ही भाग हाडात पक्के केले. गवंडी दगडांच्या फटीत चुना भरतो, तसे हे सिमेंट हाड आणि कृत्रिम भाग यांमधील पोकळी भरून काढी आणि भार सर्वत्र सारखा वाटी. वाटीसाठी त्यांनी टेफ्लॉन निवडले. वाट्या तयार करण्यासाठी त्यांच्या घरी लेथ होते.

सुरुवातीचे यश डोळे दिपविणारे होते. वर्षानुवर्षे वेदनेने तळमळणारी माणसे थोड्याच दिवसांत चालू लागली. सुमारे ३०० रुग्णांवर ही शस्त्रक्रिया झाली. पूर्वीच्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात, रायटिंग्टन येथे, १९६१ साली खुब्याच्या शस्त्रक्रियेचे खास केंद्र उभे राहिले. येथवरची कथा एखाद्या विजयी वीराची वाटते.

आणि मग घात झाला. टेफ्लॉनची वाटी अपेक्षेपेक्षा फार लवकर झिजू लागली. झिजलेल्या कणांनी सभोवतालचे मांस सुजे, हाड पोखरले जाई, सांधा ढिला पडे. जी माणसे आशीर्वाद देत घरी गेली होती, ती एकामागून एक लंगडत परत येऊ लागली. ज्या डॉक्टरने आशा दाखविली त्यालाच आता ती हिरावली गेलेली पाहावयाची होती.

अशा वेळी माणसाची परीक्षा होते. दोष रुग्णाच्या वजनावर किंवा वयावर ढकलता आला असता. परत आलेल्यांची रवानगी दुसऱ्या डॉक्टरांकडे करता आली असती. चार्नली यांनी तसे काही केले नाही. आपले अपयश त्यांनी व्यवसायबंधूंसमोर मांडले आणि बिघडलेले सांधे दुरुस्त करण्याचे कष्टाचे, अपमानाचे काम स्वतःच्या शिरावर घेतले.

योगायोगाची गोष्ट अशी की, मार्ग दाखविला तो कापडगिरणीशी नाते असलेल्या एका वस्तूने. यंत्रमागांच्या दातेरी चाकांसाठी वापरले जाणारे, अतिशय चिवट जातीचे पॉलिएथिलीन घेऊन १९६२ साली एक विक्रेता त्यांच्या कार्यशाळेत आला. चार्नली यांना ते पाहताक्षणी निरुपयोगी वाटले. परंतु त्यांचा कारागीर हॅरी क्रेव्हन याने तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढविला आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवले. तीन आठवड्यांत नव्या वस्तूची जेवढी झीज झाली नाही, तेवढी टेफ्लॉनची एका दिवसात होत असे! धन्याचा शब्द अखेरचा न मानणारा तो कारागीर, आणि कारागिराचे खरे ठरल्यावर आपला शब्द मागे घेणारा तो धनी. दोघेही धन्य होत.

तरीही एकदा पोळलेले चार्नली आता घाई करणार नव्हते. दोन्ही प्लास्टिकांचे बारीक कण त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठी हाताला लागत. नव्या प्लास्टिकच्या जागी काही जाणवत नव्हते. नोव्हेंबर १९६२ पासून नव्या वाट्या बसविण्यास प्रारंभ झाला. मात्र आपली साधने त्यांनी बराच काळ बाजारात मोकळी केली नाहीत. रायटिंग्टनला येऊन पद्धत शिकलेल्या शल्यविशारदांनाच ती मिळत. सांधा आज बसला म्हणजे यशस्वी झाला असे नाही, पाच-दहा वर्षांनी तो कसा चालतो ते पाहिले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

सांधा पिकण्याचे संकट उरलेच होते. आरंभी शंभरातल्या सात-आठ रुग्णांना जंतुसंसर्ग होई. चार्नली यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती गाळलेल्या हवेची काचेची खोली उभारली. शल्यविशारदांना अंग झाकणारा पोशाख आणि उच्छ्वास बाहेर ओढून नेणारे शिरस्त्राण दिले. हळूहळू ते प्रमाण शंभरात एकाहूनही खाली आले. याहून विलक्षण म्हणजे, मृत्यूनंतर बसविलेला सांधा तपासणीसाठी परत मिळावा, अशी विनंती ते रुग्णांना करीत आणि अनेकांनी ती आनंदाने मान्य केली. आपल्या कामाची उत्तरपत्रिका त्यांना शेवटच्या ओळीपर्यंत तपासून हवी होती.

स्वभावाने ते गोड होते असे नाही. तापट होते, हुकमी होते. सहकाऱ्यांना त्यांचा धाक वाटे. पण जी शिस्त ते इतरांना लावीत, तीच स्वतःलाही. पुढे मानसन्मान चालत आले. १९७४ साली लास्कर पारितोषिक, १९७५ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९७७ मध्ये ‘सर’ हा किताब त्यांना मिळाला. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. आज सांधे बनविण्याच्या वस्तू आणि रीती पुष्कळ बदलल्या आहेत. तरी धातूचा माथा, पॉलिएथिलीनची वाटी आणि हाडात भरण्याचे सिमेंट यांचा त्यांनी घातलेला पाया अजून टिकून आहे.

आपण विद्यार्थी परीक्षेचा निकाल लागला की चुकलेली उत्तरपत्रिका नजरेआड करतो. वक्तृत्वस्पर्धेत हरलो तर परीक्षकांना नावे ठेवतो. चार्नली यांनी आपल्या ३०० चुकलेल्या उत्तरांकडे पाठ फिरविली असती तर त्यांना कोणी शिक्षा केली नसती. फक्त, आज घाटीच्या व्हरांड्यात काठी टेकीत उभ्या असलेल्या त्या आजीला पुन्हा अंगणात चालण्याची आशा कदाचित फार उशिरा मिळाली असती.