पंडितेचा साधा विश्वास

विद्वत्ता ही देवाची देणगी खरी. परंतु विद्वत्तेने तारण होत नाही. पंडिता रमाबाईंचे चरित्र याची साक्ष देते.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येचा जन्म १८५८ साली झाला. बालपणीच भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. दुष्काळात आईवडील निवर्तले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी त्यांचा गौरव केला. पुढे भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी हेही गेले. पदरी तान्ही मनोरमा होती.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती शिकवण त्यांच्या बुद्धीला पटली होती. तरी अंतःकरणाला शांती नव्हती. आपल्याला धर्म लाभला, पण ख्रिस्त लाभला नाही, हे त्यांना हळूहळू उमगले. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. पाळकपद सांभाळूनही या गृहस्थांना कित्येक वर्षे तारणाचा अनुभव नव्हता. ते वाचून रमाबाईंनी स्वतःला पारखले. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, पुण्य वा पांडित्य पुढे न करता, केवळ पापी म्हणून त्यांनी प्रभू येशूचा आश्रय घेतला. जी शांती अभ्यासाने लाभली नाही, ती विश्वासाने लाभली.

या विश्वासाची लवकरच कसोटी लागली. त्यांच्या शारदा सदनातील काही मुली प्रार्थनेस बसू लागल्याने पुण्यात वादळ उठले. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुलींना आश्रय दिला. त्यांतूनच केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. संस्कृत ज्यांच्या जिभेवर खेळत होती, त्यांनी जड संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. अल्पशिक्षित बहिणीलाही वचन कळावे, एवढाच हेतू. भाषांतराचे काम करणाऱ्यांना ठाऊक आहे की, अवघड लिहिणे सोपे असते. सोपे लिहिण्यासाठी आधी मन नम्र व्हावे लागते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. मुक्तीच्याच छापखान्यात छापलेले संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी अनेकांचा बाप्तिस्मा बालपणीच झाला. मंडळीच्या नोंदवहीत आपले नाव आहे. पण आठ वर्षांनंतर रमाबाईंनी स्वतःला जो प्रश्न विचारला, तो आपण कधी विचारला आहे काय? प्रभूजवळ येण्यास पदवी लागत नाही. रमाबाईंनाही आपली पदवी बाजूला ठेवूनच यावे लागले.